दिव्याचा कट : एका गाजलेल्या माहितीपटाविषयी

'पूर्वीच्या वस्तू टिकायच्या. आता कंपन्या मुद्दामच लवकर बिघडणाऱ्या वस्तू बनवतात.' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत, एसटीत किंवा लग्नाच्या पंगतीत कुठेही उच्चारावे, त्याला विरोध म्हणून होत नाही. उलट लगेच कुणीतरी आजोबांच्या काळातला, अजून फिरणारा पंखा पुरावा म्हणून काढतो. त्याच काळातले जे दहा पंखे भंगारात गेले त्यांची आठवण कुणाला राहत नाही, कारण ते समोर नसतात. तरीही हे मत निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याला भक्कम पुरावा पुरवण्याचे काम एका माहितीपटाने केले आहे. कोसिमा डॅनोरित्झर यांनी दिग्दर्शित केलेला 'द लाइट बल्ब कॉन्स्पिरसी' हा तो २०१० सालचा माहितीपट. तंत्रज्ञान आणि समाज यांविषयी वर्गात काही दाखवायचे म्हटले की त्याचे नाव पुढे येते, म्हणून तो थोडा बारकाईने पाहायला हवा.

चित्रपटाची नायिका म्हणजे एक दिवा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतो आहे, आजही. खलनायक आहे 'फीबस' हा कारखानदारांचा संघ. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे जगातल्या बड्या बल्ब-उत्पादकांनी एकत्र येऊन तो स्थापन केला. ओस्राम, फिलिप्स आणि जनरल इलेक्ट्रिकशी संबंधित कंपन्या त्यात होत्या. त्यांनी बाजारपेठा वाटून घेतल्या आणि घरगुती बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणायचे ठरवले. सभासद कारखान्यांचे बल्ब स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेत तपासले जात, आणि ज्याचे बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकत त्याला दंड होई. १९२६च्या सुमारास सरासरी १८०० तास चालणारा बल्ब १९३३-३४ पर्यंत १२०५ तासांवर आला. हे सगळे कागदोपत्री सिद्ध झालेले आहे. दिग्दर्शिकेने ते शोधून पडद्यावर आणले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

आमची तक्रार याच्या पुढची आहे. चित्रपटाचा सारा भर तासांवर आहे. त्या तासांत उजेड किती मिळाला आणि त्यासाठी वीज किती जळली, हा हिशेब तो मांडत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र तो टाळता येणार नाही.

तापलेल्या टंगस्टनच्या तारेचा बल्ब ही एक देवघेव आहे. तार जितकी जास्त तापवावी तितका तिच्या ऊर्जेतला मोठा हिस्सा दृश्य प्रकाशात पडतो. कमी तापवली तर बहुतेक ऊर्जा नुसती उष्णता म्हणून जाते. पण तार तापली की टंगस्टनचे अणू पृष्ठभागावरून उडू लागतात. तार बारीक होत जाते, काच आतून काळवंडते, आणि एके दिवशी तार सर्वांत बारीक जागी तुटते. या दोन्ही गोष्टी तापमानावर अवलंबून आहेत, परंतु सारख्या प्रमाणात नाहीत. अनुभवावरून काढलेले ढोबळ नियम असे : वीज व्होल्टतेच्या साधारण १.६ व्या घातानुसार वाढते, उजेड ३.४ व्या घातानुसार वाढतो, आणि आयुष्य जवळजवळ १३ व्या घातानुसार घटते. तेरावा घात! बल्बला ५ टक्के कमी व्होल्टता द्या : आयुष्य जवळपास दुप्पट होते, पण उजेड १६ टक्के घटतो आणि वीज मात्र ८ टक्केच वाचते. म्हणजे प्रत्येक युनिटमागे मिळणारा उजेड सुमारे ९ टक्के कमी.

हे नियम विद्यार्थ्यांना परके वाटू नयेत. तारेचे बल्ब घरोघरी होते तेव्हा ज्यांनी गावाकडची वीज अनुभवली आहे त्यांना ठाऊक असेल : संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की व्होल्टेज उतरे आणि बल्ब तांबडा, मलूल होई, मध्यरात्रीनंतर मागणी घटली की तोच बल्ब भगभगीत पेटे. २३० व्होल्टांच्या बल्बला सतत २५० व्होल्ट मिळाले तर वरच्या नियमानुसार त्याचे आयुष्य सुमारे एक तृतीयांश उरते. 'कंपनीचा माल खराब' म्हणून दुकानदाराशी घातलेले कितीतरी वाद खरे तर रोहित्राशी घालायला हवे होते. आणि देवघरातला झिरोचा बल्ब? वर्षानुवर्षे बदलावा लागत नाही, कारण त्याची मंद, लालसर तार फार तापतच नाही. झिरो या नावाचा अर्थ शून्य वॉट असा नाही, हे जाता जाता सांगायला हवे. तो पंधराएक वॉट घेतोच, आणि उजेड देतो नावापुरता.

लिव्हरमोरचा बल्ब हा असाच एक मोठा झिरोचा दिवा आहे. त्याची तार कार्बनची आहे, आज तो अवघे ४ वॉट घेतो, आणि त्याच्या उजेडात वर्तमानपत्र वाचण्याचा प्रयत्न कुणी करू नये. शिवाय तो सहसा बंदच केला जात नाही. चालू-बंद करताना तार तापते, थंड होते, ताणली जाते. तो त्रास त्याच्या वाट्याला आलेला नाही. त्याला 'पूर्वीच्या कारागिरीचा' पुरावा म्हणून दाखवणे म्हणजे कधीच घराबाहेर न पडलेल्या माणसाला निरोगीपणाचे बक्षीस देण्यासारखे आहे.

आता पैशांकडे वळू. उदाहरणापुरते धरू की ६० वॉटचा बल्ब १५ रुपयांना आणि विजेचे युनिट ६ रुपयांना पडते. १००० तासांत ६० युनिटे, म्हणजे ३६० रुपयांची वीज. दुप्पट टिकणारा बल्ब त्याच किमतीला मिळाला तर दर १००० तासांमागे साडेसात रुपये वाचतील. पण तेवढाच उजेड हवा असेल तर सुमारे १० टक्के, म्हणजे ३६ रुपयांची वीज जादा जळेल. टिकाऊ बल्ब घेणारा ग्राहकच तोट्यात. जिथे बल्ब बदलायला शिडी, माणूस आणि वाहतूक थांबवणे लागते, तिथे गणित उलटते. म्हणून सिग्नलच्या दिव्यांसाठी जास्त आयुष्याचे बल्ब मुद्दाम बनवले जात. १९२४ साली भाव वेगळे होते आणि हा हिशेब तेव्हाच्या भावांनी पुन्हा मांडावा लागेल. पण मांडावा लागेल, एवढाच आमचा आग्रह आहे. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ मध्ये दिव्यांच्या व्यवसायाची चौकशी केली, तेव्हा त्यालाही १००० तास हा उजेड आणि आयुष्य यांच्यातला समंजस मध्यबिंदू वाटला.

मग फीबसचे मालक निर्दोष ठरतात काय? मुळीच नाही, आणि इथे चित्रपटाच्या बाजूने बोलणे भाग आहे. निर्णय निव्वळ तांत्रिक असता तर दंडाची गरज काय होती? तारेचा दर्जा सुधारून एखाद्या कारखान्याने तेवढ्याच विजेत, तेवढ्याच उजेडाचा आणि तरीही दीडपट टिकणारा बल्ब काढला असता, तर त्याला शाबासकी मिळायला हवी होती. फीबसच्या नियमांत त्याला दंडच झाला असता, कारण मोजले जात होते ते तास. आणि ज्याच्या खिशातून बल्ब आणि वीज दोन्हींचे पैसे जात होते, त्या ग्राहकाला या देवघेवीविषयी कुणी काही सांगितले नाही, निवडही दिली नाही. आमच्या मते संघाचा खरा गुन्हा हा आहे. १००० हा आकडा नव्हे.

हा फरक पंडिती काथ्याकूट वाटेल, पण चित्रपटातल्या दुसऱ्या प्रसंगालाही तो लागू पडतो. बार्सिलोनातल्या एका तरुणाचे छपाईयंत्र अचानक बंद पडते. दुरुस्तीवाले सांगतात, नवे घ्या. शोध घेता कळते की यंत्रात एक चिप आहे, ती पाने मोजते आणि ठरावीक आकडा आला की यंत्र थांबवते. इंटरनेटवरून मिळालेल्या एका प्रोग्रॅमने तो मोजणारा आकडा शून्यावर आणला की यंत्र पुन्हा चालू! प्रेक्षक टाळ्या वाजवतो. पण शाईच्या छपाईयंत्रात तोटीची छिद्रे साफ करताना वाया जाणारी शाई एका स्पंजसारख्या गादीत साठते, ती गादी कधीतरी भरते, आणि भरल्यावर शाई टेबलावर गळते. मोजणी त्यासाठीच असते. शाळेच्या कार्यालयात असे यंत्र असेल तर हा संदेश पडद्यावर आलेला अनेकांनी पाहिला असेल. मोजणी ठेवणे योग्यच होते. चूक होती ती स्वस्तातली गादी ग्राहकाला बदलता येऊ नये अशी यंत्राची रचना करण्यात, आणि 'गादी बदला' असे न सांगता 'आयुष्य संपले' असे सांगण्यात. आज काही यंत्रांत ही पेटी वापरणाऱ्याला स्वतः काढून नवी बसवता येते. म्हणजे ते अशक्य नव्हते.

चित्रपटात ॲपलच्या आयपॉडची बॅटरी बदलता येत नसल्याबद्दल अमेरिकेत झालेला आणि तडजोडीने मिटलेला खटला येतो. पुढची गोष्ट चित्रपटानंतर घडली, आणि ती आमच्या मुद्द्याला जास्त जवळची आहे. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच कंपनीने मान्य केले की जुन्या बॅटरीचे आयफोन सॉफ्टवेअरद्वारे मंद केले जात होते. तांत्रिक कारण खरे होते : लिथियम बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, एकदम जास्त प्रवाह मागितला की व्होल्टता कोसळते आणि फोन बंद पडतो, ते टाळायचे तर मागणीच आटोक्यात ठेवावी लागते. पण फोन मंद झालेल्या माणसाला हे कळले नाही. त्याला वाटले फोन जुना झाला. थोड्या खर्चात बॅटरी बदलून भागले असते, तिथे कित्येकांनी नवा फोन घेतला असणार. फ्रान्समध्ये २०१५ पासून नियोजित अल्पायुष्य हा कायद्याने गुन्हा आहे. तरीही तिथल्या ग्राहक-संरक्षण खात्याने २०२० मध्ये ॲपलला २.५ कोटी युरोंचा दंड केला तो फोन बिघडवल्याबद्दल नव्हे, तर ग्राहकाला माहिती न दिल्याबद्दल. तुमच्या मनात काय होते हे सिद्ध करणे महाकठीण. तुम्ही काय सांगितले नाही हे दाखवणे सोपे. कट शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

शिवाय कटाच्या गोष्टीत आपण सगळे आपोआप निरपराध ठरतो. चित्रपट त्यालाही थोडा स्पर्श करतो. १९३२च्या मंदीत बर्नार्ड लंडन या गृहस्थाने वस्तूंचे आयुष्य सरकारने ठरवून द्यावे आणि मुदत संपली की त्या मोडीत काढाव्यात, अशी योजना मांडली होती. ती कुणी स्वीकारली नाही. १९५०च्या दशकात ब्रुक्स स्टीव्हन्स या अभिकल्पकाने सुचवलेला मार्ग अधिक हुशारीचा होता : वस्तू मोडू नका, ग्राहकालाच गरजेआधी नवीची ओढ लावा. हा मार्ग जगभर स्वीकारला गेला आणि त्यासाठी कुठल्याही गुप्त बैठकीची गरज पडली नाही. चालू स्थितीतला फोन खणात टाकून नवा घेणारा माणूस कोणत्या संघाच्या दंडाला भीत असतो?

चित्रपटाचा सर्वांत मोलाचा भाग शेवटाकडे आहे, आणि वर्गात वेळ कमी असेल तर तेवढाच दाखवावा. घानाची राजधानी आक्रा येथील अग्बोग्ब्लोशी या भंगारवाडीत मुले तारांचे भेंडोळे पेटवून आतले तांबे काढताना दिसतात. वायरीवरचे पीव्हीसी जळताना विषारी धूर होतो, त्यात डायॉक्सिन असतात. हा कचरा युरोप-अमेरिकेतून 'वापरलेला माल' या नावाखाली आलेला असतो. धोकादायक कचऱ्याच्या निर्यातीवर बंधने घालणारा बासेल करार १९८९ मध्ये झाला, तरी हे चालू राहिले. माइक अनाने हे घानाचे पर्यावरण-पत्रकार यंत्रांवर चिकटवलेल्या मालमत्तेच्या पट्ट्या गोळा करतात आणि कोणत्या संस्थेने ते यंत्र टाकले याचा माग काढतात. कंपनीचे उत्तरदायित्व म्हणजे काय, हे त्या पट्ट्यांइतके स्वच्छ दुसरे काही सांगत नाही. ती भंगारवाडी २०२१ मध्ये सरकारने पाडली. पण जाळण्याचे काम थांबवायला पाडकाम पुरेसे नसते, हे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुरादाबादेत जुन्या संगणकांचे काय होते हे ज्यांनी वाचले आहे त्यांना सांगायला नको. आपल्याकडे उत्पादकावर ई-कचऱ्याची जबाबदारी टाकणारे नियम प्रथम २०११ मध्ये झाले, आणि नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

हा चित्रपट आजच्या वर्गात दाखवताना सर्वांत मोठी अडचण अशी की त्याची नायिकाच बाजारातून जवळजवळ गेली आहे. घरात आता एलईडी दिवे आहेत. त्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत २५,००० तास छापलेले असते, आणि बारीक अक्षरांत एका किंवा दोन वर्षांची हमी. रोज ५ तास दिवा लावला तर २५,००० तास म्हणजे साडेतेरा वर्षांहून अधिक; दोन वर्षांची हमी म्हणजे ३,६५० तास. कंपनीचा स्वतःच्या आकड्यावर किती विश्वास आहे, ते विद्यार्थ्यांनाच भागाकार करून काढू द्यावे. हा मोठा आकडा बहुधा एलईडीच्या कणिकेचा असतो. तिची चाचणी सहसा ६,००० तास किंवा थोडी अधिक घेतात, आणि त्यावरून उजेड ७० टक्क्यांवर केव्हा येईल याचे अनुमान पुढे वाढवतात. प्रत्यक्षात दिवा मरतो तो कणिका थकल्यामुळे क्वचितच. त्याच्या बुडाशी असलेल्या विद्युतमंडलातला धारित्र उष्णतेने सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. बंद गोलात किंवा छताच्या खाचेत बसवलेला दिवा म्हणूनच लवकर जातो. किंवा साखळीत जोडलेल्या कणिकांपैकी एक तुटते आणि सगळा दिवा विझतो. रस्त्याकडेचा दुरुस्तीवाला ती एक कणिका शोधून तिच्यावर कथलाचा थेंब टाकतो आणि दिवा थोड्या पैशांत पुन्हा लावून देतो. केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, याचे आम्हांला समाधान आहे. पण दिव्याचे झाकण चिकटवून न टाकता आट्याचे करावे, एवढी मागणीही अजून कुणी मोठ्याने केलेली ऐकिवात नाही.

ज्या शाळांना हे करून पाहायचे असेल त्यांनी नवा दिवा बसवताना त्याच्या बुडावर न पुसणाऱ्या शाईने तारीख लिहावी, बंद गोलात आहे की उघडा हे वहीत नोंदवावे, आणि गेलेला दिवा टाकण्यापूर्वी उघडून धारित्र गेला की कणिका, ते पाहावे. दिवा उघडण्याआधी तो होल्डरमधून काढून काही वेळ तसाच ठेवावा; धारित्रात साठलेला भार बोटाला झटका देऊ शकतो.