गुळवेलीने नेमके काय सिद्ध झाले?

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात युसूफ वडगाव नावाचे गाव आहे. तिथल्या एका शिक्षकांनी वर्तमानपत्राचे एक कात्रण आमच्यापुढे ठेवले. गुळवेलीतल्या घटकाने प्रतिकारशक्ती वाढते आणि कर्करोगाच्या पेशी मरतात, असा त्याचा आशय होता. शिक्षकांचा प्रश्न सरळ होता. "आमच्या बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. शेजारच्या एका बाईंच्या स्तनात गाठ आहे. त्यांना काढा दिला तर चालेल का?"

गाठीविषयीचे उत्तर आम्ही तिथेच दिले. आधी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा, ऊसतोडीला जाण्याआधी दाखवा. कात्रणाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येईना. त्यासाठी हा लेख.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की कात्रणामागे खरे आणि चांगले संशोधन आहे, तेही आपल्याच राज्यातले. १९९९ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या चिंतलवार, सैनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीतून एक बहुशर्करा वेगळी केली. बहुशर्करा म्हणजे साखरेचे लहान रेणू एकमेकांना जोडून झालेली लांब साखळी. पिठातला स्टार्च आणि कापसातला सेल्युलोज या आपल्या ओळखीच्या बहुशर्करा. गुळवेलीतल्या साखळीत अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज या शर्करा प्रामुख्याने आहेत आणि तिला फांद्या आहेत. तिला 'जी१-४ए' असे नाव दिले गेले. ती मिळताच प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींचे विभाजन सुरू होते, असे दिसले.

वनस्पतीतल्या साखरेकडे आपल्या पेशींनी लक्ष का द्यावे? याचे उत्तर २००९ मध्ये याच केंद्रातल्या संशोधकांनी दिले. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचे द्रव्य असते. ते ओळखण्यासाठी आपल्या पेशींवर 'टीएलआर-४' हा ग्राही असतो. तो घराच्या दारावरच्या घंटीसारखा आहे. जिवाणू आला की घंटी वाजते आणि पेशी जाग्या होतात. गुळवेलीची बहुशर्करा तीच घंटी वाजवते. २०१२ आणि २०१४ मध्ये या गटाने पुढचे पाऊल टाकले. या बहुशर्करेने जागवलेल्या वृक्षिका पेशी, म्हणजे शत्रूची ओळख इतर पेशींना पटवून देणाऱ्या पेशी, उंदरांच्या लिंफोमाविरुद्ध अधिक प्रभावी ठरल्या.

आता आमची टीका. ती या संशोधनावर नाही, त्याच्या वाचनावर आहे. या प्रयोगांपासून कात्रणापर्यंत येताना चार पायऱ्या गाळल्या गेल्या आहेत.

पहिली पायरी रोगाची. लिंफोमा म्हणजे स्तनाचा कर्करोग नव्हे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर गुळवेलीचा अर्क टाकून पाहिलेला आहे, पण तो काचेच्या बशीत. बशीत पेशी मेल्या, एवढ्यावरून प्रतिकारशक्तीबद्दल काहीच कळत नाही, कारण बशीत प्रतिकारसंस्थाच नसते.

दुसरी पायरी पोटाची. शुद्ध केलेली बहुशर्करा आणि चुलीवर उकळलेला काढा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवाय अशी साखळी पचवणारे विकर माणसाकडे नाही आणि एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून सहज रक्तात जात नाही. पेशींवर थेट टाकल्यावर जे घडते, ते प्याल्यावर घडेलच असे म्हणता येत नाही.

तिसरी पायरी 'वाढते' या शब्दाची. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी कमीजास्त करता येणारी एक राशी नाही. स्तनाच्या गाठीत महाभक्षी पेशी असतात आणि त्यांतल्या बऱ्याच गाठीलाच रक्तवाहिन्या मिळवून देतात. काही टी-पेशी तर हल्ला थांबवण्याचेच काम करतात. मग नेमके काय वाढवायचे? घंटी फार वाजली तरी नुकसान होते. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना यकृतदाह झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. २०२२ मध्ये १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अहवाल आला. काही रुग्णांत, शरीर स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते तसा हा आजार दिसला. ती वेल गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. प्रश्न योग्यच आहे. पण मग बांधावरच्या वेलीलाही तो विचारायला हवा.

चौथी आणि सर्वांत उंच पायरी माणसाची. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि शिवाय गुळवेल. दुसऱ्या गटात शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण बरेच जास्त होते. ३० ही संख्या लहान आहे, पण तुलना सरळ आहे. आणि गुळवेल उपचारांच्या जागी दिलेली नव्हती, उपचारांच्या जोडीला दिलेली होती. स्तनाच्या कर्करोगाबाबत मात्र वनस्पतीतल्या कोणत्याही बहुशर्करेने मृत्यू कमी झाल्याचे अशा तुलनेतून सिद्ध झालेले नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत एका भूछत्राच्या भुकटीचा प्राथमिक प्रयोग झाला. तो नऊ स्त्रियांनी पूर्ण केला. मोजले ते प्रामुख्याने भुकटी सोसते का आणि रक्तातल्या पेशींत काय बदल होतात एवढेच.

मृत्यू कमी झाले असे म्हणायला किती कष्ट पडतात, याचे उदाहरण मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करीत. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही आणि संशोधकांनी तेही स्पष्ट लिहिले. यात चमत्कारी रेणू नाही, आहेत ते शिकवलेले हात आणि वेळेवर झालेले निदान.

दोष एकट्या पत्रकारांचा नाही. उंदरांवरच्या प्रयोगाचा निबंध 'कर्करोगाच्या उपचारात उपयोग होण्याची शक्यता आहे' या वाक्याने संपवण्याची सवय आम्हा संशोधकांनाच आहे. ते वाक्य गावात पोहोचते तेव्हा 'शक्यता' हा शब्द वाटेत गळून गेलेला असतो.

म्हणून वर्गात असे एखादे कात्रण जरूर वाचावे आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. प्रयोग बशीत, उंदरात की माणसात? किती जणांवर? तुलना कोणाशी? तोंडाने दिले की इंजेक्शनने? शेवटी मोजले काय, पेशी की आयुष्य? गुळवेल फळ्याशेजारी आणून ठेवायलाही हरकत नाही. तिच्यावरचे संशोधन चालू राहावे अशी आमचीही इच्छा आहे. पण ते पूर्ण होईपर्यंत स्तनातली गाठ थांबत नाही.