पोत्याच्या तोंडाशी चाळलेले धान्य

नागभीड हा भाताचा मुलूख. याच तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीने सिद्ध केलेल्या तांदुळास लोकप्रिय घड्याळावरून 'एच.एम.टी.' हे नाव पडले. पण त्या नावाने तांदुळास घड्याळ समजून कोणी फसला नाही. उलट पोत्याच्या तोंडाशी निवडक दाणा व तळाशी केरकचरा ही लबाडी या मुलखास समजावून सांगावी लागत नाही. नेमका हाच दृष्टान्त सुमारे इ. स. 200 मध्ये संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहुदी धर्मशास्त्रग्रंथात, 'बाबा मेत्सिया'च्या चौथ्या अध्यायात, आढळतो. कोकणात तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलांस 'शनवार तेली' म्हणून महाराष्ट्र ओळखतो; त्यांच्या धर्मातील व्यापारनीती मात्र आम्हांस फारशी परिचित नाही. आंतरजालावरील जाहिरातींच्या या काळात ती वाचणे अगत्याचे आहे.

कोठाराच्या तोंडापुरतेच धान्य निवडणे यास मिश्नाकार 'डोळ्याची चोरी' म्हणतात. येथे कोणी खोटे बोललेला नाही, दाणाही खराच आहे. तरी पाहणाराचा ग्रह चोरला गेला. पुढे तालमुदात शमुएल सांगतो की, अशी फसवणूक परधर्मीयाचीही करू नये. बातमीचा वेष घेतलेली जाहिरात या कसोटीस उतरत नाही. भारत सरकारने 2023 च्या नोव्हेंबरात ग्राहकास भुलविण्याच्या 13 युक्त्या निषिद्ध ठरविल्या. त्यांत छुपी जाहिरात व खोटी निकड या दोन्ही आहेत. यादी नवी, तत्त्व जुने.

या अध्यायाचा विशेष हा की, तो ग्राहकासही मोकळा सोडीत नाही. घेण्याचा हेतू नसता 'हे कितीला?' असे विचारू नये, असा त्याचा दंडक आहे. जेथे प्रत्येक स्पर्शागणिक जाहिरातदारास पैसे मोजावे लागतात, तेथे प्रतिस्पर्ध्याची थैली रिकामी करण्यासाठी त्याच्या जाहिरातीवर बोट ठेवणाराने हे वचन ध्यानी घ्यावे.

एका निर्णयाशी मात्र आमचे जमत नाही. दुकानदाराने मुलांस भाजलेले दाणे व अक्रोड वाटू नयेत, कारण त्यामुळे ती त्याच्याकडेच येऊ लागतात, असे रब्बी यहूदा म्हणतो. बहुसंख्य पंडित ते वाटण्यास मोकळीक देतात. शेजाऱ्याने दुसरा खाऊ वाटावा, हे त्यांचे कारण. शेजारी तुल्यबळ असेल तोवर हे ठीक. परंतु जेथे बाजारपेठेचा धनीच दुकान मांडून बसतो, फुकट खाऊ वाटतो आणि कोणत्या मुलास काय आवडते याची टिपणेही ठेवतो, तेथे शेजाऱ्याने काय वाटावे? आमच्या मते तेथे यहूदाचा पराभूत पक्षच अधिक सयुक्तिक ठरतो. आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये, ही तोरेतील आज्ञाही त्याच्याच बाजूची आहे. परंपरेने तिच्यातील 'आंधळा' म्हणजे त्या विषयात अजाण असणारा, असा अर्थ केला आहे. कर्जात बुडालेल्यास हेरून नव्या कर्जाची जाहिरात दाखविणे याहून निराळे काय?

भात घेणारा मनुष्य पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळचा दाणा वर काढतो. आंतरजालावरील पोत्यात हात घालता येत नाही. म्हणूनच तेथे तोंडाशी काय ठेवावे याची जबाबदारी विकणारावर अधिक येते.