कळवळ्याचा ताळेबंद

दिवाळी अंकांच्या वाचकाला सामाजिक कामावरचा लेख नवा नाही. चांगली नोकरी सोडून आडगावी गेलेले जोडपे, पहिली दोन वर्षे गावाने दाखवलेला अविश्वास, मग एका म्हातारीने आणून दिलेली भाकरी, पुढे शाळा, दवाखाना आणि शेवटी पुरस्कार. अनिल अवचटांनी मराठी रिपोर्ताजाला बारकाईने पाहण्याची सवय लावली. नंतरच्या अनेकांनी ती सवय सोडली आणि साचा तेवढा ठेवला. अशा लेखांमुळे संस्थांना देणगीदार आणि तरुण कार्यकर्ते मिळतात, ही त्यांची जमेची बाजू आहे. पण एक प्रश्न त्यांत सहसा विचारला जात नाही: हे काम झालेच नसते, तर त्या माणसांचे काय झाले असते?

प्रश्न उद्धट वाटतो. ज्याने उमेदीची वर्षे घातली, त्याच्याकडे हिशेब मागायचा का? मात्र हा हिशेब प्रथम मागणाऱ्यांमध्ये समाजकार्याचाच एक पाठीराखा होता. रिचर्ड कॅबट हे बॉस्टनचे डॉक्टर. रोग्याच्या घरची स्थिती कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही, हे ओळखून त्यांनी १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये समाजकार्याचा विभाग सुरू केला. पुढे अमेरिकेतील समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष झाले, आणि १९३१ च्या भाषणात त्यांनी आपल्याच माणसांना सुनावले की कामाचे परिणाम मोजा. डॉक्टरांना ही शिस्त लागत होती, मग समाजकार्याने तिच्यातून सूट का मागावी, असा त्यांचा रोख होता.

ते बोलून थांबले नाहीत. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांतील गरीब वस्त्यांत मुले गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून त्यांनी एक प्रयोग आखला. वय, घरची परिस्थिती, वस्ती, स्वभाव अशा गोष्टी जुळवून मुलांच्या जोड्या लावल्या. जोडीतील कोणाला मदत द्यायची, हे नाणे उडवून ठरले. अखेरच्या हिशेबात ५०६ मुले होती: २५३ मदत-गटात, २५३ तुलना-गटात. काम १९३९ मध्ये सुरू झाले आणि १९४५ पर्यंत चालले. कॅबट १९३९ मध्येच वारले. मदत-गटातील मुलाच्या घरी समुपदेशक सरासरी महिन्यातून दोनदा जाई. अनेकांना अभ्यासात मदत मिळाली, शंभराहून अधिक मुलांना वैद्यकीय किंवा मानसोपचार मिळाले, कित्येकांना उन्हाळी शिबिरांत पाठवले. आपल्याकडची कोणतीही संस्था अभिमानाने अहवालात छापेल, असे हे काम होते.

जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर या माणसांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रौढ झालेल्या या मुलांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांनी सांगितले की त्या मदतीचा आम्हाला फायदा झाला. न्यायालये, रुग्णालये आणि मृत्यूच्या नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या. गुन्हे करणाऱ्यांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. उलट दुसऱ्यांदा गुन्हा करणे, दारूच्या आहारी जाणे, गंभीर मानसिक आजार जडणे, अशा काही बाबतींत मदत मिळालेले अधिक वाईट ठरले. ज्यांना मदत अधिक काळ आणि अधिक मिळाली, त्यांच्यात हा फरक जास्त होता.

यावर आक्षेपही आले. इतक्या बाबींची तुलना केली की काही फरक योगायोगाने निघणारच, हा त्यांतला वजनदार आक्षेप. तो मान्य केला तरी मदतीचा लाभ काही सिद्ध होत नाही. कारणांबद्दल तर्क झाले: मुले बाहेरच्या आधारावर विसंबली असतील, अपेक्षा वाढल्या आणि आधार सुटल्यावर निराशा आली असेल. पुढे मॅकॉर्ड यांचे लक्ष शिबिरांकडे गेले. वाकड्या वाटेवरची मुले एकत्र आली की ती एकमेकांना बळ देतात, असे त्यांना दिसले.

तुलना-गट नसता, तर ही गोष्ट कशी लिहिली गेली असती? मदत मिळालेल्यांपैकी पुष्कळ जण सरळमार्गी निघाले होते. त्यांतल्या पाचसहांच्या मुलाखती, समुपदेशकांच्या आठवणी, डोळ्यांत पाणी आणणारा एखादा प्रसंग. त्यातला शब्द न् शब्द खरा असता आणि निष्कर्ष चुकीचा. कृतज्ञता खरी असते, पण ती परिणामाचा पुरावा नसते. घरी येऊन विचारपूस करणाऱ्या माणसाबद्दल मुलाला माया वाटणारच. त्या मायेने त्याचे आयुष्य बदलले की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

अमेरिकेत या प्रयोगाची जुळवाजुळव चालू होती, त्याच सुमारास, १९३६ मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. म्हणजे समाजकार्य हा शिकण्याचा विषय आहे, हे आपल्याकडेही तेव्हापासून मान्य आहे. मोजण्याची कसोटी मात्र विरळाच लागली. म्हणून गडचिरोलीचे उदाहरण ठळकपणे उठून दिसते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत तपासली. गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. ३९ गावांत हे काम झाले. ४७ गावांत ते झाले नाही, तिथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. जन्म-मृत्यूची नोंद दोन्हीकडे ठेवली. १९९३-९५ मध्ये कामाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती. १९९७-९८ मध्ये तो आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५८ च्या आसपास होता आणि साठाजवळच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला, आणि २०११ पासून देशभरच्या ‘आशां’च्या कामात घरोघरच्या नवजात सेवेला जागा मिळाली.

बंग दांपत्याच्या साधेपणावर, ध्येयवादावर मराठीत भरपूर लिहून झाले आहे. पण दिल्लीच्या धोरणात जागा मिळायला साधेपणा पुरत नाही. तिथे त्या दुसऱ्या ४७ गावांचा आकडा लागतो. पहिला आकडा खाली आला एवढेच सांगितले असते, तर रस्ते झाले, दवाखाने वाढले, म्हणून आला असेल, असे कोणीही म्हटले असते. या अभ्यासालाही मर्यादा आहेत. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. आणि तुलनेच्या गावांतली बाळे जात राहिली, ही टोचणी वाचकाला लागतेच. तिचे उत्तर एवढेच की पद्धत उपयोगी आहे हे तेव्हा सिद्ध व्हायचे होते. सिद्ध झाल्यावर ती रोखून धरणे हा खरा अन्याय ठरला असता.

कार्यकर्त्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे: सगळेच मोजता येत नाही. ते बरोबर आहे, पण कुठे बरोबर आहे ते नीट पाहायला हवे. बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ घ्या. दलितांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिल्याने त्यांचे उत्पन्न किती वाढले, हा प्रश्न विचारणेच गैर आहे. तो हक्क आहे, त्याला फायद्याचा पुरावा लागत नाही. मात्र तो हक्क प्रत्यक्षात बजावता आला का, वर्षभराने त्या विहिरीवर कोण पाणी भरत होते, हा प्रश्न तिथेही रास्त ठरतो. आपण ‘संघर्ष’ आणि ‘रचना’ असे दोन शब्द वापरतो. संघर्षाचे ध्येय तपासणीच्या पलीकडे असू शकते, त्याची रीत नसते. रचनेच्या कामात तर ही पळवाट मुळीच नाही. मूल वाचायला शिकेल असे आपण म्हणालो, तर ते शिकले का, हे पाहावेच लागते.

आजचे संस्थांचे अहवाल आकड्यांनी भरलेले असतात, पण ते आकडे केलेल्या कामाचे असतात: इतकी शिबिरे, इतके लाभार्थी, इतकी पुस्तके वाटली. व्यसनमुक्ती केंद्र किती जण उपचार पूर्ण करून बाहेर पडले ते सांगते. वर्षानंतर किती जण व्यसनापासून दूर होते, हे क्वचित सांगते. आणि सांगितले तरी जे पुन्हा फिरकलेच नाहीत, ते हिशेबात असतात का? याचा सगळा दोष संस्थांना देता येणार नाही. देणगीदाराला यशाचीच गोष्ट हवी असते, आणि ‘आमचा उपाय चालला नाही’ असे लिहिणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी पैसे मिळत नाहीत. लहान संस्थेला शास्त्रशुद्ध अभ्यास परवडत नाही, हेही मान्य. पण काम सुरू करण्यापूर्वीची स्थिती टिपून ठेवणे, सोडून गेलेल्यांची नावे यादीत राखणे, शेजारच्या गावाकडे नजर टाकणे, यासाठी फार पैसा लागत नाही. त्यासाठी आपण चुकलेले असू शकतो, हे कबूल करण्याची तयारी लागते.

आणि आपण लिहिणारे? आपण त्यागाचे वर्णन करतो आणि त्यागालाच परिणाम समजतो. त्यामुळे कार्यकर्ता थोर होतो आणि ज्यांच्यासाठी काम केले ती माणसे पार्श्वभूमीला जातात. परिणाम विचारणे म्हणजे त्या माणसांना पुन्हा पुढे आणणे. केंब्रिज-सॉमरव्हिलच्या समुपदेशकांचा कळवळा अस्सल होता. नुकसान झाले असेल, तर ते मुलांचे झाले, आणि तीस वर्षे कोणाला त्याचा पत्ता नव्हता. कॅबटनी ते नाणे उडवून ठेवले नसते, तर तो कधीच लागला नसता.