कुत्र्याला कुत्रंच राहू देणारी कादंबरी

आपल्या गोष्टींतलं कुत्रं शेवटपर्यंत कुत्रं राहत नाही. नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावले ते कुत्रं म्हणजे विठ्ठलच, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. महाप्रस्थानाला निघालेल्या युधिष्ठिराची साथ न सोडणारं कुत्रं स्वर्गाच्या दारात धर्म निघतं. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद. रायगडावरच्या वाघ्याच्या समाधीवरून २०२५ मध्ये पुन्हा वाद पेटला, तेव्हाही भांडण इतिहासाचं आणि निष्ठेचं होतं, कुत्र्याचं नव्हतं. मग आमच्या सिडकोत कचऱ्याच्या ढिगाला टेकून बसलेलं, कानाला खाच असलेलं, खरजेनं अर्धे केस गेलेलं जे कुत्रं आहे ते कोण? त्याच्यात कुणीच देव निघाला नाही, तर त्याचं काय करायचं?

जे. एम. कुट्सीची ‘डिसग्रेस’ मला महत्त्वाची वाटते ती याच प्रश्नामुळे. कादंबरी १९९९ ची. त्याच वर्षी तिला बुकर मिळालं. मी ती वाचली २०२५ च्या ऑगस्टमध्ये, रात्रीचं डिप्लॉयमेंट चालू असताना मधल्या रिकाम्या वेळात, फोनवर. तो महिनाही असा की, ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा आणि परत सोडू नका असं सांगितलं. २२ तारखेला मोठ्या खंडपीठाने ते बदललं: नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी सोडू नका. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायचा आदेश आला. प्रत्येक तारखेला आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर युद्ध. एक बाजू लहान मुलाला कुत्र्यांनी घेरल्याचं सीसीटीव्ही फुटेज टाकणार, दुसरी बाजू ‘७७७ चार्ली’मधला रडवणारा तुकडा. ग्रुपवर कोण कुणाला काका म्हणतं आणि कोण कुणाला भाऊ, हे त्या दिवसांत सगळे विसरले होते.

फुटेज टाकणाऱ्यांना निर्दयी म्हणून मोकळं होता येत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मृत्यू भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मुकुंदवाडीतून, पुंडलिकनगरातून रात्री सायकलवर घरी येणाऱ्याला कुत्र्याची जी भीती वाटते ती गेटच्या आत राहणाऱ्याला वाटत नाही. कुत्र्यावर प्रेम करणं सोपं की अवघड, हे तुम्ही कुठल्या वाहनातून घरी येता यावर बरंचसं ठरतं.

आता कादंबरीकडे. डेव्हिड लूरी, वय बावन्न, केपटाउनमधला प्राध्यापक. एका विद्यार्थिनीशी त्याने ठेवलेल्या, खरं तर तिच्यावर लादलेल्या, संबंधांमुळे त्याची नोकरी जाते आणि तो ईस्टर्न केपमध्ये मुलीच्या शेतावर येतो. ल्यूसी भाजी-फुलं पिकवते आणि लोकांची कुत्री सांभाळते. एक दिवस तिघं जण घरात घुसतात. ल्यूसीवर बलात्कार होतो, लूरीला पेटवलं जातं, पिंजऱ्यातली कुत्री गोळ्या घालून मारली जातात. ‘डिसग्रेस’वरची बहुतेक चर्चा या प्रसंगाभोवती फिरते आणि ते साहजिक आहे. पण त्या गोळ्यांबद्दल विचार करताना लूरीच्या मनात येऊन जातं की, या देशात काळ्या माणसाच्या नुसत्या वासावर गुरगुरावं अशीच कुत्र्यांची पैदास झालेली आहे. एवढंच. कुट्सी त्यावर भाषण देत नाही. पैदास म्हणजे माणसाने स्वतःची भीती आणि स्वतःचा वर्ग दुसऱ्या प्राण्याच्या रक्तात भरणं, हे त्या ओझरत्या उल्लेखातून मला जितकं कळलं तितकं कुठल्याही लेखातून कळलं नव्हतं.

मग येतो प्राण्यांचा दवाखाना. बेव्ह शॉ नावाची बाई तो चालवते. ती पशुवैद्य नाही. तिच्याकडे येणारी बरीच कुत्री फार आजारीही नसतात. ती फक्त जास्त झालेली असतात, कुणाला नको असतात. रविवारी त्यांना सुई दिली जाते. लूरी त्यांना धरतो. मेलेली कुत्री पिशव्यांत भरून सोमवारी सकाळी तो हॉस्पिटलच्या भट्टीवर नेतो. रविवारी रात्रीच तिथे टाकून येता आलं असतं, पण मग ती रात्रभर हॉस्पिटलच्या कचऱ्यात पडून राहिली असती. भट्टीवरचे कामगार काय करतात, तर रात्रीतून ताठ झालेले पाय ट्रॉलीच्या दांड्यांत अडकू नयेत म्हणून फावड्याने ठोकून मोडतात. लूरीला ते पाहवत नाही. तो ते काम स्वतःकडे घेतो.

ही पानं मी दोनदा वाचली. यात कुत्र्याचा एकही गुण सांगितलेला नाही. कुणी मालकाचा जीव वाचवला नाही, कुणी चितेत उडी घेतली नाही, कुणी स्टेशनवर वर्षानुवर्षं वाट पाहिली नाही. मेलेल्या कुत्र्याला फावड्याने काही फरक पडत नाही, हे लूरीलाही माहीत आहे. फरक पडतो फावडं मारणाऱ्या जगाला. कादंबरीच्या सुरुवातीला ल्यूसीचा शेजारी पेट्रस हसत हसत स्वतःला ‘कुत्रेवाला’ म्हणवून घेतो, कारण कुत्र्यांचं हलकं काम त्याच्याकडे असतं. शेवटाकडे तो जमिनीचा मालक होतो आणि प्राध्यापक लूरी कुत्रेवाला. इथं ओळख बदलते ती माणसाची. कुत्रं जे होतं तेच राहतं.

‘डिसग्रेस’बद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती लहान नाही. ही कुत्री इतकी कशी झाली, याचं उत्तर कादंबरी जवळजवळ देत नाही. बेव्हच्या बोलण्यात ती फार झालीत एवढं येतं आणि पुढे सगळा भर मरणाच्या क्षणावर. आमच्या कामात, सिस्टीम कोसळल्यावर शेवटच्या सर्व्हरवर बसून हळुवारपणे एरर साफ करणारा माणूस कितीही चांगला असला तरी त्याला कुणीतरी विचारतंच की, वरून येतंय काय? लूरी हे कधी विचारत नाही. त्याची करुणा खरी आहे, पण तिला मारण्याचा विधी आवडू लागलाय की काय, अशी शंका मला शेवटच्या प्रकरणांत येत राहते. बायकांच्या बाबतीत जो माणूस इतका आंधळा, त्याला कुत्र्यांपाशी पावन होऊ द्यायचं का, हाही प्रश्न उरतोच.

‘वरून’ काय येतं हे सांगण्याचा प्रयत्न ‘७७७ चार्ली’ने केलाय. किरणराज के. दिग्दर्शित हा कन्नड चित्रपट १० जून २०२२ ला आला, हिंदीतही आला. रक्षित शेट्टीच्या नायकाचं नाव धर्मा, म्हणजे महाभारत इथेही हजर. चार्ली ही क्रूर ब्रीडरच्या तावडीतून पळालेली लॅब्रॅडॉर. तिला कॅन्सर होतो आणि जवळच्या रक्तात पुन्हा पुन्हा केलेली पैदास त्याच्या मुळाशी आहे असं चित्रपट स्पष्ट सांगतो. लोकप्रिय सिनेमात ‘इनब्रीडिंग’ हा शब्द यावा, ही चांगली गोष्ट. पण चित्रपटाने सगळं पाप एका खलनायकी ब्रीडरच्या डोक्यावर ठेवलं आणि विकत घेणाऱ्याला मोकळं सोडलं. शेवटी चार्ली बर्फात जाते आणि पिल्लू ठेवून जाते. पैदाशीविरुद्धचा सिनेमा, आणि त्याचा दिलासा म्हणजे नवं लॅब्रॅडॉर पिल्लू! थिएटरमध्ये रडणाऱ्यांना हे खटकलं नाही, कारण तोवर चार्लीने धर्माचं आयुष्य सुधारून स्वतःची किंमत चुकती केलेली असते. मला तिच्या जागी आमच्या गल्लीतलं खरजेचं कुत्रं ठेवून बघायचंय. त्याला बाइकच्या साइडकारमध्ये कुणी बसवलं असतं?

विकत घेणारे आपणच आहोत. ‘डबल बोन’, ‘पेपरवाली’ अशा जाहिराती फोनवर रोज दिसतात. २००३ मध्ये ‘हच’च्या जाहिरातीत एका मुलामागे पग चालला आणि पुढची काही वर्षं शहरांत पगच पग झाले, नाक इतकं दाबलेलं की साध्या उकाड्यात त्याला श्वास पुरत नाही. मराठवाड्यातल्या मे महिन्यात बेचाळीस अंशांत हस्की पाळणारी घरं आहेत. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्रीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त बाळंतपणं करता येत नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरला नोंदणी लागते. तुमच्या ओळखीत ज्यांनी पिल्लू आणलं, त्यांच्यापैकी किती जणांनी ही नोंदणी बघायला मागितली, ते आठवून बघा. मागणी उतरली की यातलीच काही जनावरं रस्त्यावर येतात. ज्याला रस्त्यावर जगायची सवय नाही असं कुत्रं रस्त्यावर आलं, की ते किती दिवस टिकतं हे बघायला कुणी थांबत नाही.

मारण्याच्या बाजूचा इतिहासही आपल्याकडे जुना आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला तो कुत्रेमारीवरून. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्यामुळे मारणारे पाळीव कुत्रीही ओढून नेतात अशी तक्रार होती. बक्षीस लावलं की काय होतं, हे यातून कळायला हरकत नव्हती. तरी मुंबई महापालिका १९९४ पर्यंत कुत्री मारत होती. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात भटकी कुत्री ‘लीथल चेंबर’मध्ये मारण्याला मुभा लिहिलेली आहे. मग २००१ चे आणि २०२३ चे जन्मनियंत्रणाचे नियम आले आणि मार्ग बदलला: पकडा, नसबंदी करा, लस द्या, कानाला खाच पाडा, परत सोडा. मरणाचं इंजेक्शन फक्त बऱ्या न होणाऱ्या किंवा जीवघेण्या जखमी कुत्र्याला.

कागदावर हे मला पटतं. पण नियम पाळायला पैसा, डॉक्टर, पिंजरे आणि चिकाटी लागते. ती नसली की मारणं थांबत नाही, नजरेआड जातं. सप्टेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या गिरडा ते सावळदबारा रस्त्यावर पाच ठिकाणी मिळून सुमारे नव्वद मेलेली कुत्री सापडली. तोंडं आणि पाय बांधलेले. काही तशीच बांधलेली, जिवंतही होती. सावळदबारा आमच्या जिल्ह्यात, सोयगाव तालुक्यात. बाहेरून आणून टाकली असावीत असा अंदाज बातम्यांत होता. चार दिवस बातमी चालली आणि संपली.

या घटनेजवळ जाणारी मराठी कलाकृती शोधू लागलो तर मला कुत्र्यांवरची सापडत नाही, डुकरावरची सापडते. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. गावाला डुकरांचा त्रास आहे, जत्रेत अडथळा नको आहे, आणि ती पकडायचं काम एका ठरलेल्या घराचं. डुक्कर धरताना जब्याचं अख्खं कुटुंब धावतं आणि शाळेतली पोरं भिंतीवर बसून मजा बघतात. मंजुळे डुकराला गोजिरवाणं करत नाहीत, पवित्र करत नाहीत. ते कॅमेरा फिरवून हे घाणेरडं काम कुणाच्या गळ्यात घातलंय ते दाखवतात, आणि बघणाऱ्यांकडेही बघतात. कुट्सीच्या भट्टीवरचे कामगार मात्र निनावी राहतात. फावडं कुणाच्या हातात का आलं, दिवसाला असे किती मृतदेह त्यांना ढकलावे लागतात, हे लूरी विचारत नाही. तो फक्त त्यांच्या जागी उभा राहतो. या एका बाबतीत ‘फँड्री’ ‘डिसग्रेस’च्या पुढे आहे असं माझं मत आहे, आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे.

पण ‘डिसग्रेस’चा शेवट कुणालाच ओलांडता आलेला नाही. मागचा एक पाय निकामी झालेलं एक तरुण कुत्रं लूरीला लागलेलं असतं. तो बॅन्जो वाजवतो तेव्हा ते कान टवकारतं. त्याला तो नाव देत नाही, पण कुत्र्याने त्याला आपलं मानलेलं आहे. आणखी एखादा आठवडा त्याला ठेवता आलं असतं. तो ठेवत नाही, उचलून बेव्हकडे आणतो. बरेच वाचक याला लूरीचं शुद्धीकरण म्हणतात, काही जण निव्वळ क्रौर्य. मला दोन्ही पटत नाही. लाडकं कुत्रं वाचवून बाकीच्यांना सुई देणं, हीच आपली रोजची पद्धत आहे. माझं ते घरात, उरलेली गाडीत. लूरी ती सवलत स्वतःला देत नाही. हे बरोबर आहे का? मी असतो तर कुत्रं घरी नेलं असतं, आणि तुम्हीही. कादंबरी तुम्हाला तसं करण्यापासून अडवत नाही. फक्त मागच्या पिंजऱ्यांतली रांग ती तुमच्या डोळ्यांसमोरून हलू देत नाही.

गिरडा रस्त्यावर मराठीत अजून कथा यायची आहे. कुत्र्याच्या डोळ्यांतून सांगितलेली नको, तशा पुष्कळ आहेत. मला वाचायचीय ती टेम्पो चालवणाऱ्याची, किंवा बांधणाऱ्याची. नव्वद कुत्री म्हणजे नव्वद तोंडं आणि तीनशे साठ पाय. एका माणसाचं ते काम नाही. कुणीतरी दोरी विकत आणली असेल, कुणीतरी भाव ठरवला असेल, कुणीतरी मधे चहाला थांबलं असेल. घरी गेल्यावर हाताला येणारा वास कशाचा, हे त्यांच्या पोरांनी विचारलं असेल.