फेस, फसफस आणि सफाई

‘घरच्या घरी बनवा स्वस्त, नैसर्गिक स्वच्छक’ अशा मथळ्याच्या कृतींना सध्या तोटा नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, छोट्या पुस्तिकांत, फोनवर फिरणाऱ्या चित्रफितींत त्या भेटतात आणि तिथून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात येऊन पोहोचतात. टेबलावर लिंबाच्या साली, व्हिनेगरची बाटली, खाण्याचा सोडा, मूठभर रिठे. मागे पुठ्ठ्यावर ‘रसायनमुक्त घर’ अशी ठळक अक्षरे. एखादे पुस्तक परीक्षणासाठी घ्यावे, तशा या कृती मी येथे घेत आहे. बहुतेक पुस्तकांपेक्षा त्या अधिक वाचल्या जातात आणि मुख्य म्हणजे करून पाहिल्या जातात.

‘रसायनमुक्त’ या शब्दावर शाई खर्च करत नाही. पाणीही रसायनच, हे नववीचा विद्यार्थी सांगेल. ‘नैसर्गिक’ या शब्दापाशी मात्र थोडे थांबायला हवे. खाण्याचा सोडा झाडाला लागत नाही. मीठ, चुनखडी आणि अमोनिया वापरणारी सॉल्वे पद्धत १८६०च्या दशकात आली आणि सोडा स्वस्त झाला. गुजरातेतील मिठापूरचा कारखाना याच पद्धतीने सोडा बनवतो. स्वस्त पांढऱ्या व्हिनेगरची बाटली फिरवून पाहा; ‘सिंथेटिक’ असे छापलेले बहुधा आढळेल, म्हणजे ते कारखान्यातील अ‍ॅसेटिक आम्लात पाणी घालून केलेले असते. यात गैर काहीच नाही. पण मग ‘कारखान्याचे वाईट, घरचे चांगले’ ही या कृतींची मूळ मांडणी कशावर उभी आहे? पदार्थ आला कुठून यापेक्षा तो करतो काय, हा प्रश्न विज्ञानाच्या वर्गाला जास्त शोभतो.

सर्वांत लोकप्रिय कृती घेऊ: अर्धी वाटी खाण्याचा सोडा, त्यावर एक वाटी व्हिनेगर. मिश्रण जोरात फसफसते, मुले खूश होतात आणि बेसिन साफ झाल्याचे जाहीर होते. येथे खडू घेऊन फळ्याकडे वळावे. वाटी १५० मिलिलिटरची आणि व्हिनेगर ४ टक्क्यांचे धरले, तर त्यात ६ ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल आले. ६० ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्लाला ८४ ग्रॅम सोडा लागतो. म्हणून ६ ग्रॅमला सुमारे साडेआठ ग्रॅम. अर्ध्या वाटीत सोडा असतो सत्तर-ऐंशी ग्रॅम. म्हणजे आम्ल सगळे संपले आणि जवळजवळ नऊ दशांश सोडा तसाच उरला. तयार काय झाले? सोडियम अ‍ॅसिटेट, पाणी आणि हवेत उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. सोडियम अ‍ॅसिटेटला सफाईचे काम फारसे येत नाही. बेसिन स्वच्छ झाले असेल तर ते उरलेल्या सोड्याच्या कणांनी आणि घासणाऱ्या हाताने. व्हिनेगर फुकट गेले!

व्हिनेगर निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेवर कठीण पाण्याचा जो पांढरा थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात विरघळतो. त्यासाठी व्हिनेगर एकटे वापरावे. चिकट, तेलकट डागासाठी सोडा एकटा वापरावा. खाण्याच्या सोड्यापेक्षा धुण्याचा सोडा अधिक बरा, कारण पहिल्याच्या द्रावणाचा सामू सव्वाआठच्या आसपास असतो, तर दुसऱ्याचा अकराच्या जवळ जातो. (तो वापरताना हातमोजे हवेत, आणि अ‍ॅल्युमिनिअमच्या भांड्यांना तो लावू नये, भांडी काळवंडतात.) दोन कामाच्या वस्तू एकत्र करून दोन्हींचे काम घालवायचे, याला उदासिनीकरण म्हणतात. ते पाठ्यपुस्तकात आहेच. पण तोच धडा शिकवणारे शिक्षक प्रदर्शनात या मिश्रणाला उत्तेजनार्थ बक्षीस देताना मी पाहिले आहेत.

आता फरशी. ‘व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्याने फरशी पुसा, चकाकेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळात कुठल्या फरशीसाठी होता, हे कोणी सांगत नाही. आपल्या जुन्या घरांत आणि कितीतरी शाळांत शहाबादी फरशी आहे. शहाबाद हे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले गाव आणि तिथला हा दगड म्हणजे चुनखडक. कोटा फरशी तीच, स्वयंपाकाच्या ओट्याचा काळा कडप्पाही त्याच जातीचा. मोझेइक टाइलमध्ये तर सिमेंटात संगमरवराचे तुकडे बसवलेले असतात. या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट आहे. जे आम्ल नळावरचा थर काढते, तेच आम्ल ओट्याची झिलईही काढते. कडप्प्यावर कापलेले लिंबू रात्रभर राहिले की सकाळी तिथे फिकट, खरखरीत वर्तुळ दिसते. ते पुसून जात नाही, कारण तो डाग नाही, खड्डा आहे. चकचकीत सिरॅमिक टाइलला या पाण्याने काही होत नाही, म्हणून सल्ला खरा वाटतो. फरशीच्या फुटक्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब टाकून बुडबुडे येतात का ते पाहणे, हा पाच मिनिटांचा प्रयोग अशा कृतींच्या आधी छापला जायला हवा होता.

सध्याची सर्वांत मोठी लाट ‘बायोएंझाइम’ची आहे. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी. तीन महिने बरणीत ठेवायचे आणि गाळून घ्यायचे. या कृतीला मी एकदम मोडीत काढणार नाही. ओला कचरा वापरला जातो, मुले तीन महिने एका प्रक्रियेकडे लक्ष ठेवतात, वास आणि सामू बदलताना पाहतात. शाळेला किण्वनाचा याहून चांगला प्रयोग क्वचितच मिळेल. माझी तक्रार नावाबद्दल आणि दाव्यांबद्दल आहे.

बरणीत घडते ते असे. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. जिवाणू लॅक्टिक आम्ल आणि हवा मिळाली तर अ‍ॅसेटिक आम्ल तयार करतात. सामू तीन-चारपर्यंत उतरतो. सालींतले सुगंधी तेल, ज्यात लिमोनीन मुख्य, थोडेसे पाण्यात उतरते. एका लिटरला घातलेल्या शंभर ग्रॅम गुळाची सगळी साखर अल्कोहोलमार्गे अ‍ॅसेटिक आम्लात बदलली, तरी द्रावण पाच-सहा टक्क्यांच्या वर जाणार नाही. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. म्हणजे हे घरगुती, सौम्य, सालींच्या वासाचे व्हिनेगर झाले. त्यात विकरे मुळीच नसतील असे नाही. पण सफाई ती करतात, हे कुणी कसे ठरवले? धुण्याच्या पावडरीत विकरे घालण्याची कल्पना जर्मनीत ओट्टो रोम यांनी १९१३ मध्ये मांडली. आज त्यासाठी वापरली जाणारी विकरे मुद्दाम निवडलेल्या जिवाणूंपासून मिळवतात आणि ती अल्कलीयुक्त पाण्यात टिकतील अशी पारखून घेतात. बरणीतल्या आंबट पाण्याला तेच नाव दिल्याने तेच काम होत नाही.

ठरवण्याची रीत शाळेच्या आवाक्यातली आहे. तयार द्रावणाचे दोन भाग करावे. एक भाग दहा मिनिटे उकळावा, म्हणजे विकरे निकामी होतील. उडालेल्या पाण्याइतके पाणी परत घालून, थंड करून, दोन्ही भाग सारख्याच मळलेल्या फरशीवर वापरावे. न उकळलेल्याने जास्त सफाई केली तर विकरांच्या बाजूने एक पुरावा मिळाला. दोन्ही सारखेच निघाले तर श्रेय आम्लाला द्यावे. एवढा साधा प्रश्न विचारलेली कृती माझ्या वाचनात आलेली नाही.

हे द्रावण ओझोन सोडते आणि हवा शुद्ध करते, असेही लिहिलेले आढळते. बरणीतून येणारा वायू कार्बन डायऑक्साइड असतो. ओझोन असता तर तो तयार करणारे सूक्ष्मजीवच प्रथम मेले असते. या वायूबद्दल जे सांगायला हवे ते मात्र बहुतेक जण एका ओळीत उरकतात. शंभर ग्रॅम गुळातील साखर पूर्ण आंबली तर वीस लिटरहून अधिक वायू निघू शकतो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत हा प्रयोग ठेवणे म्हणजे वर्गात फटाका ठेवणे होय. रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी घ्यावी, वर जागा सोडावी, पहिला महिनाभर झाकण रोज सैल करावे. आणि स्वस्ताईचा हिशेब करताना गूळ जमेस धरावा. सालींचे खत गुळाशिवायही होते.

जुन्या वस्तूंची बाजू मला अधिक भक्कम वाटते. त्यांना प्रदर्शनात दुय्यम जागा मिळते, कारण त्या फसफसत नाहीत. रिठ्याच्या टरफलातले सॅपोनिन हे खरे अपमार्जक आहे: रेणूचा एक भाग जलस्नेही, दुसरा स्निग्ध पदार्थाला चिकटणारा. कठीण पाण्यात साबणाचा साका होतो, तसा रिठ्याचा होत नाही. बोअरवेलच्या पाण्यावर काढणाऱ्या गावांत हे सहज दाखवता येते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, ते तेलकटपणा काढते आणि राखेचे कण घासतात. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये पोटॅशियम वेगळे केले. ते नाव राखेच्या ‘पोटॅश’वरूनच आले. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर विरघळवते. आजीच्या मोरीत हे सगळे होते, फक्त पुठ्ठ्यावर लिहिलेले नव्हते. तरीही रिठा नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. सॅपोनिन माशांना विषारी असते आणि डोळ्यांत गेले तर झोंबते. रिठ्याचे पाणी मत्स्यपेटीजवळ नेऊ नये.

एक गोष्ट या कृतींत हमखास सुटते आणि ती सुटणे मला अक्षम्य वाटते. घरात व्हिनेगर किंवा बायोएंझाइम येते तेव्हा ब्लीचिंग पावडर घराबाहेर गेलेली नसते. ‘दोन्ही मिळून जास्त साफ होईल’ असे वाटून कुणी ती बंद न्हाणीघरात एकत्र केली, तर आम्लामुळे क्लोरीन वायू बाहेर पडतो. संडास धुण्याच्या आम्लाबरोबर तर फारच वेगाने. हे वाक्य प्रत्येक पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत हवे. तसेच स्वच्छता आणि निर्जंतुकीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० च्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभाग आधी साबणाने धुऊन मग ०.१ टक्का हायपोक्लोराइट वापरण्यास सांगितले होते. घरात जुलाबाचा रुग्ण असताना लिंबाच्या पाण्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

प्रदर्शनात हा विषय आला तर परवानगी जरूर द्यावी. एका जुन्या टाइलवर खडूने सहा चौकोन आखायला लावावे, प्रत्येकात मोजून एक थेंब तेल आणि चिमूटभर हळद चोळून सुकू द्यावी. मग चार चौकोनांवर चार द्रावणे, पाचव्यावर साबणाचे पाणी, सहाव्यावर साधे पाणी. सारखाच वेळ आणि ओल्या फडक्याचे मोजून वीस हात. कोणत्या चौकोनावर काय आहे हे घासणाऱ्याला सांगू नये. निकाल लिहिताना साध्या पाण्याच्या चौकोनाचा सर्वांत आधी लिहावा.