धिंड काढणारी शाळा

अमेरिकी सरकारच्या २०२४ च्या अहवालाने आदिवासी मुलांच्या ४१७ निवासी शाळा आणि तिथे मेलेली किमान ९७३ मुले मोजली. राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी माफी मागितली. जी जिवंत राहिली त्यांचे काय झाले, ते मला झित्काला-शा या डकोटा लेखिकेच्या आत्मकथनात अधिक दिसते. १९०० साली ते 'अटलांटिक मंथली'त आले.

आठ वर्षांची ती पलंगाखाली लपली. तिला ओढून काढून, खुर्चीला बांधून केस कापले. तिच्या लोकांत केस कापत ते सुतकात, नाही तर भ्याडाचे. ही कसली स्वच्छता? ही धिंड होती. पुढे घरी आल्यावर आईला तिचे दुःख उमगत नाही, कारण आईने शाळेची पायरीच चढलेली नव्हती.

आपल्या आत्मकथनांतही शिकलेला मुलगा वस्तीपासून तुटतो. पण आपल्याला शाळेचे दार बंद होते. तिला दारातून आत ओढले. म्हणून आपले मुक्तीचे समीकरण मी तिच्यावर लादणार नाही.

तिने मात्र सक्तीने शिकवलेल्या इंग्रजीतच हा आरोप लिहिला. स्वतःलाही सोडले नाही: कार्लाइलच्या निवासी शाळेत शिक्षिका झाल्यावर ती आपल्याच लोकांतून मुले गोळा करायला गेली होती. आपल्यातल्या शिक्षकांनी हा भाग आधी वाचावा.