तारपा नृत्याचे वर्तुळ आणि महोत्सवाचा रंगमंच

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील सांस्कृतिक महोत्सवांत आणि महाविद्यालयीन संमेलनांत तारपा नृत्य आता परिचयाचे झाले आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला आणि डहाणू, तलासरी, जव्हार हे वारली वस्तीचे प्रमुख तालुके ठाणे जिल्ह्यातून गेले. तरीही ठाण्याच्या लोकसंस्कृतीचे प्रतीक म्हणून या नृत्याला असलेला मान ओसरला नाही. मात्र हा मान नृत्याला मिळतो की केवळ त्याच्या दृश्यरूपाला, हे तपासणे आवश्यक ठरते.

तारपा हे वाळवलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाची पाने व मेण यांपासून सिद्ध होणारे सुषिर वाद्य होय. भातकापणीनंतर स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून वादकाभोवती फेर धरतात. वादकाने चाल बदलली की पदन्यास बदलतो. नर्तक वादकाला पाठ दाखवीत नाहीत. म्हणजेच या नृत्याचे केंद्र वर्तुळाच्या आत आहे. पाहणारा येथे परका नसतो. तो केव्हाही फेरात सामील होऊ शकतो.

रंगमंचावर हे केंद्र प्रेक्षागृहाकडे सरकते. फेर अर्धवर्तुळात उघडतो, वादक कडेला जातो आणि पुष्कळदा ध्वनिमुद्रण त्याची जागा घेते. रात्रभर चालणारे नृत्य युवक महोत्सवाच्या दहा मिनिटांत बसवले जाते. याचा दोष केवळ स्थानिक संयोजकांना देणे अन्यायाचे होईल. दिल्लीत १९५३ पासून प्रजासत्ताक दिनानिमित्त लोकनृत्यांचे सादरीकरण सुरू झाले. प्रांतागणिक एक नृत्य, एक वेशभूषा व ठराविक वेळ ही दृष्टी तेव्हापासून रुजत गेली. या मंचाने आदिवासी कलावंतांना ओळख व मानधन दिले, हेही नाकारता येत नाही.

या संदर्भात हंगेरीचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथेही लोकनृत्यांचे आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतात. परंतु मे १९७२ मध्ये बुडापेस्ट येथे ‘तांत्सहाझ’ अर्थात नृत्यघर ही वेगळी वाट सुरू झाली. फेरेंत्स शेबो, बेला हालमोश प्रभृती वादकांनी त्यात पुढाकार घेतला. जिवंत वादन, खेड्यातील कलावंतांकडून प्रत्यक्ष शिक्षण आणि प्रेक्षकालाच नर्तक करणे ही तिची वैशिष्ट्ये होत. युनेस्कोने २०११ मध्ये संवर्धनाच्या उत्तम पद्धतींत तिची नोंद केली.

हे प्रतिमान येथे जसेच्या तसे लागू पडणार नाही. बुडापेस्टचे तरुण आपल्याच भाषेच्या परंपरेकडे वळले होते. कल्याणच्या विद्यार्थ्यासाठी वारली परंपरा बहुधा दुसऱ्या समाजाची असते. म्हणून येथे शिकवण्याचा अधिकार व त्याचा मोबदला वारली वादकाकडेच राहिला पाहिजे. महाविद्यालयांनी नृत्यदिग्दर्शकाऐवजी तारपावादकाला गुरू म्हणून पाचारण करावे आणि मंचाऐवजी मैदान द्यावे. स्पर्धेचे पारितोषिक त्याने कदाचित हुकेल. परंतु वर्तुळाच्या मध्यभागी वादक परत येईल, आणि त्याच्यावाचून उरतो तो केवळ पोशाख.